गप्प बसणारं अ‍ॅप

मेस्त्री बोलायला कमी. मुका नव्हे, पण एका शब्दात भागत असेल तर दुसरा काढायचा नाही, आणि मान हलवून भागत असेल तर तो एकही नाही. फोनवर तर विचारूच नका. पलीकडचा माणूस बोलून बोलून दमायचा आणि इकडे मेस्त्री फोन कानाला लावून भिंतीकडे बघत उभा. शेवटी पलीकडून विचारणा व्हायची, "अहो मेस्त्री, आहात का गेलात?"

"आहे की. ऐकतोय."

बायको वैतागायची. "अहो, मधूनमधून हं तरी म्हणत जा. समोरच्याला कळू दे माणूस जिवंत आहे ते."

"मेलो असतो तर फोन खाली पडला असता," मेस्त्री म्हणायचा. विषय संपला.

तो सांभाळायचा अळंबीच्या खोल्या. अळंबी म्हणजे तेच, दुकानात मशरूम म्हणून डबीत मिळतं ते. एका लांबलचक शेडमध्ये ओळीनं सहा खोल्या, खिडकी एकीलाही नाही, भिंती वीतभर जाड आणि आतून पांढऱ्या पत्र्यानं मढवलेल्या. आत माळ्यासारख्या एकावर एक फळ्या, फळ्यांवर काळ्या मातीचे वाफे, आणि मातीतून वर डोकावणारी पांढरी टकली. दिसायला गरीब, पण नखरे असे की नव्या नवरीनं शिकून घ्यावेत. सतरा-अठरावर पारा असला की गुण्यागोविंदानं वाढतात. विसाच्या वर सरकला की माना लांब करतात, छत्र्या उघडतात, आणि उघडलेली छत्री बाजारात कोणी हातात धरत नाही. त्यात दार जरा उघडं राहिलं की संपलंच, बाहेरची गरम हवा आत घुसते आणि थंड करणारं यंत्र धापा टाकायला लागतं.

म्हणून मेस्त्रीचा सगळा जीव दारांत. दिवसातून पन्नास वेळा तो एकच प्रश्न विचारायचा, तोही एका शब्दात. "दार?"

आणि पॅकिंगच्या ताई, ज्या अळंबी खुडून डब्यांत भरायच्या, त्या खोलीतून बाहेर पडता पडता उत्तर द्यायच्या, "बंद."

सोळा वर्षं हाच संवाद. "दार?" "बंद." त्यावर सहा खोल्या चालल्या होत्या. शिवाय प्रत्येक दाराच्या मागे खिळ्याला एक काचेचा पारा टांगलेला. मेस्त्री तासातासाला फेरी मारायचा, पारा बघायचा, यंत्राला कान लावायचा, लागलं तर जाळी साफ करायचा, लागलं तर एक चापट मारायचा. यंत्रही ओळखीचं झालेलं, चापटीला मान द्यायचं.

आता यात जावई कुठून आला ते ऐका.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. मेस्त्रीचा ग्रह मात्र स्वभावानं गरीब. लेक छकू, तिचा नवरा. मोबाईलची अ‍ॅप बनवायचा. मोठ्या कचेरीतली नोकरी सोडून घरच्या टेबलावर स्वतःचं काम मांडून बसला होता, आणि पहिलं काम अजून मिळायचं होतं. सासऱ्याला काय म्हणून हाक मारायची हे लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्याचं ठरलेलं नव्हतं. बाबा म्हणावं तर स्वतःचे बाबा डोळ्यांपुढे यायचे, मामा म्हणावं तर जीभ वळायची नाही. मग तो आधी खोकायचा, आणि मेस्त्रीनं मान वर केली की बोलायला लागायचा. मेस्त्रीच्या बायकोला पहिले सहा महिने वाटत होतं की पोराला दमा आहे.

मेस्त्रीचीही तीच गत. "या जावईबापू. बसा जावईबापू. घ्या जावईबापू." यापलीकडे गाडी जायची नाही. दोन वर्षांतलं दोघांचं बोलणं काडेपेटीत मावलं असतं.

तरी एकदा मालकीणबाई म्हणाल्या, "सगळीकडे आता खोल्यांचं तापमान फोनवर बघतात म्हणे," तेव्हा मेस्त्रीनं आयुष्यातलं एक लांब वाक्य बोलून टाकलं. "आमचे जावई करतात असलं काहीतरी, बाई, हवं तर विचारतो."

झालं. जावयाला पहिलं काम मिळालं. मालकीणबाई बोलायला सरळ. "महिनाभर चालवून बघू. चाललं तर माझ्या भावाकडच्या बारा खोल्यांनाही तुम्हीच लावा. नाही चाललं तर तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा."

जावयानं प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढी एक डबी बसवली. डबी तापमान मोजायची आणि मेस्त्रीच्या फोनला कळवायची. एकोणिसाच्या वर गेलं की फोन वाजणार, असा बेत. पहिल्या दिवशी तो खोकला आणि समजावून सांगायला लागला. "साधं अ‍ॅप कसं असतं, फोननं विचारायचं, पलीकडून उत्तर यायचं, की लाईन खाली ठेवली. परत विचारायचं असेल तर परत पहिल्यापासून. आपलं तसं नाही. याला वेबसॉकेट म्हणतात. यात लाईन खाली ठेवायचीच नाही. सतत उघडी. खोलीला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा खोली बोलणार."

मेस्त्रीनं मान हलवली.

"आणि ती लाईन सांभाळायला मी तयार लायब्ररी वापरलीय. सगळा कोड स्वतः लिहीत बसावं लागत नाही."

मेस्त्रीनं आणखी एकदा मान हलवली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "जावईबापूंनी लायब्ररीतनं काहीतरी आणलंय."

"परत कधी द्यायचंय?" बायकोनं विचारलं.

"ते बोलले नाहीत."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मेस्त्रीनं चार नंबरच्या दारासमोर उभं राहून शर्टाच्या खिशातून फोन काढला. चार नंबर, सतरा. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘बंद’. बाजूला एक गोल बाण, स्वतःचीच शेपटी पकडायला निघालेला. मेस्त्रीला बरं वाटलं. अ‍ॅप दारावरही लक्ष ठेवतंय तर. शहाणं आहे. गोल बाण म्हणजे पंखा असणार.

मग त्यानं दार उघडलं, आत जाऊन सवयीनं मागच्या पाऱ्याकडे बघितलं. साडेवीस.

परत फोन बघितला. सतरा. परत पारा. साडेवीस. मेस्त्री जागेवर उभा राहिला, मग यंत्राची जाळी काढली, धुतली, एक चापट मारली. पाव तासानं पारा अठरावर आला. फोन सतरावरच. त्याला वीस झालेले कळलेच नव्हते, तर अठरा झाल्याचं काय कळणार.

आता दुसरा कोणी असता तर लगेच जावयाला फोन लावला असता. पण हा मेस्त्री. जावयाचं पहिलं काम, आपल्या शब्दावर मिळालेलं, आणि त्याला सांगायचं की बापू, तुमचं यंत्र खोटं बोलतं? लेकीच्या घरात त्या दिवशी चहा कडू व्हायचा. त्यापेक्षा आपल्या फेऱ्या आहेतच की. सोळा वर्षं मारल्या, आणखी महिनाभर मारू. झाकली मूठ राहू दे.

तर महिनाभरात फोन असा अकरा वेळा गप्प बसला. कधी दोन नंबर, कधी चार. अकराही वेळा मेस्त्रीनं पारा बघून खोली सावरली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

गंमत पुढे आहे. मालकीणबाईंच्या फोनवरही तेच अ‍ॅप होतं, पण त्यांचा फोन कचेरीत टेबलावर उभा, चार्जिंगला लावलेला, पडदा कायम उजळलेला, आणि जिथून इंटरनेट येतं ती पेटी हातभर अंतरावर. त्यांच्याकडे सगळं ठीक चालायचं. त्यांना दिसायचं, चार नंबर साडेवीसवर गेला आणि पाव तासात अठरावर आला. मग त्या येईल त्याला सांगायच्या, "बघा, अ‍ॅपनं फोन वाजवला आणि मेस्त्री धावले. असं असतं हे."

मेस्त्री ऐकायचा आणि बूट पुसायचा.

इथवर चाललं असतं. पण मेस्त्रीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन ठरलं होतं गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस धूळ नको, ओल नको, वाकायचं नाही. म्हणजे अळंबीच्या खोलीचं दारही बघायचं नाही. त्या दहा दिवसांसाठी अ‍ॅपचा फोन जाणार पॅकिंगच्या ताईंच्या एप्रनच्या खिशात. ताई कामाला वाघीण, पण त्यांचे हात अळंबीत गुंतलेले, त्या फेऱ्या मारणार कधी? त्या फोनवर विसंबणार. आणि दुसरं म्हणजे, सोमवारी महिना भरत होता, आणि मालकीणबाईंनी ठरवलं होतं की दारामागचे काचेचे पारे काढून टाकायचे. "खाण्याच्या वस्तूजवळ काच नको. आजवर इलाज नव्हता. आता आहे."

मेस्त्रीनं मनात मांडणी केली. आपण नाही, पारा नाही, फोन गप्प. सहा खोल्यांतली टकली छत्र्या उघडून बसणार, आणि जावयाचं नाव पहिल्याच कामाला मातीत. सांगितलं तर वाईट, नाही सांगितलं तर त्याहून वाईट. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी शनिवारी जेवताना तो बायकोला म्हणाला, "जावईबापूंना कळव. अ‍ॅप गप्प बसतं म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"तू सांग. तुमचं बायकांचं बोलणं मऊ असतं."

बायकोनं छकूला फोन लावला. तासभर बोलणं झालं, त्यात हा निरोप कुठेतरी मधे गेला. "आणि बाबा म्हणतायत, अ‍ॅप अगदी गप्प असतं हो." छकूनं नवऱ्याला सांगितलं, "बाबा म्हणाले अ‍ॅप एकदम शांत आहे, कसला म्हणून त्रास नाही." दोन घरांत ‘ध’चा ‘मा’ झाला आणि रविवारी दुपारी जावई संत्र्यांची पिशवी घेऊन दारात हजर. चेहरा फुललेला.

खोकला. "तुम्हाला आवडलं म्हणे."

मेस्त्रीनं संत्र्यांकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. बायको छताकडे बघत होती.

"बसा जावईबापू," मेस्त्री म्हणाला. मग एक संत्रं सोललं, निम्मं खाल्लं, आणि फार लांबून विषयाकडे आला. "तुमच्या घरी नीट चालतं ते?"

"अगदी. टेबलावर आठवडाभर चालू ठेवून बघितलं. एकदाही तुटलं नाही."

"टेबलावर."

"हो."

"खिशात?"

"खिशात काय?" जावयानं विचारलं.

आता बोलायचंच असं ठरवून मेस्त्रीनं तोंड उघडलं, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. त्यानं उघडलेल्या तोंडात संत्र्याची फोड घातली. "गोड आहेत," म्हणाला.

सोमवारी सकाळी सगळे चार नंबरमध्ये जमले. मालकीणबाई, मेस्त्री, आणि जावई, डोक्याला जाळीची टोपी, बुटांवर निळी पिशवी. मालकीणबाई खुशीत होत्या. "महिनाभरात एक वाफा वाया गेला नाही. भावाला आजच कळवते." त्या दाराकडे वळल्या आणि खिळ्यावरच्या पाऱ्याला हात घातला.

"थांबा बाई," मेस्त्री म्हणाला.

"काय झालं?"

मेस्त्रीनं पाऱ्यापुढे हात आडवा धरला. जावयाला वाटलं म्हातारा माणूस, जुन्या वस्तूत जीव अडकलाय. तो हसून म्हणाला, "काढा खुशाल. आता त्याचं काय काम? अ‍ॅप आहे ना."

"अरे गाढवा," मेस्त्री म्हणाला, "त्यानंच तर महिनाभर तुझी अब्रू राखलीय."

मेस्त्रीला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. जावयाला गाढव. तेही अरे-तुरे करून. तेही मालकिणीसमोर. पण आता घोडं निघालंच होतं तर थांबवून उपयोग नव्हता. त्यानं फोन काढून पुढे धरला. "हे बघ. सतरा म्हणतंय. आता पारा बघ."

पारा साडेएकोणीस होता.

"अकरा वेळा झालंय असं," मेस्त्री म्हणाला. "वाजत नाही, हलत नाही. आकडा धरून बसतं."

जावयानं फोन हातात घेतला, बघितला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण हे सांगतंय की. इथं लिहिलंय, बंद."

"मग? बंदच आहे."

"आणि तुम्ही काही केलं नाहीत?"

"काय करायचं? बंदच पाहिजे ना."

"बंद कशाला पाहिजे? लाईन बंद पडलीय त्याची."

"लाईन?" मेस्त्री म्हणाला. "दार."

"कसलं दार?"

"बंद म्हणजे दार बंद."

बाहेर पॅसेजमध्ये पॅकिंगच्या ताई चालल्या होत्या, त्यांच्या कानावर ओळखीचे शब्द पडले तसं त्यांनी जाता जाता सोळा वर्षांच्या सवयीनं ओरडून सांगितलं, "बंद आहे हो मेस्त्री."

मालकीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"आणि हा गोल बाण?" जावयानं क्षीण आवाजात विचारलं. "लाईन परत जोडायचं बटण आहे ते."

"मला वाटलं पंखा."

मालकीणबाईंनी पारा परत खिळ्याला लावला आणि रुमाल खाली घेतला. हसू गेलं होतं. "म्हणजे महिनाभर मी ज्याचं कौतुक करत होते तो हा होता," पाऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. मग जावयाला, "हे बघा. मेस्त्रींचं ऑपरेशन गुरुवारी आहे, ते पुढे जाणार नाही. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः तपासणार. ताईंच्या खिशात हे चाललं तर राहील. नाही चाललं तर पारे राहतील, खुडायला एक बाई कमी पडली तरी चालेल, ती फेऱ्या मारेल. आणि भावाला मी काही कळवणार नाही."

जावयानं मान हलवली. मेस्त्रीकडून शिकला असावा.

दुपारपासून जावई पॅकिंगच्या टेबलाच्या टोकाला, दोन उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून बसला. मेस्त्री बाजूला उभा. गाढव म्हटल्याची भरपाई करायची होती, म्हणून चहाच्या वेळी तो फार नरमाईनं म्हणाला, "जावईबापू, घ्या." जावयाचा चेहरा उतरला. कशानं, ते मेस्त्रीला कळलं नाही.

त्या लायब्ररीबरोबर तिची माहिती लिहिलेली लांबलचक पानं होती. जावई ती वाचत गेला आणि त्याचा एकेक कान लाल होत गेला. "पहिल्या पानावरचा नमुना उचलला आणि तसाच लावला," तो म्हणाला. "लाईन उघडली की काय करायचं, निरोप आला की काय करायचं, बंद पडली की काय करायचं. एवढंच. तुटली तर आपणहून परत जोडायची सोय यात आहे. पण ती आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाही. हे बाराव्या पानावर."

"पहिल्या पानावर अळंबी पण सोपीच असते," मेस्त्री म्हणाला.

मग दोघांनी शोधलं की तुटतं कधी. मेस्त्री फोन खिशात टाकून फेरी मारायचा, परत यायचा, दाखवायचा. टेबलावर पडदा उजळलेला असेतो सगळं ठीक. खिशात जाऊन पडदा विझला की फोनच अ‍ॅपला झोपवतो आणि लाईन कापतो. "फोनचा स्वभाव आहे तो," जावई म्हणाला. "बॅटरी वाचवतो. म्हणजे धोक्याची घंटा मी या लाईनवर ठेवायलाच नको होती. ती फोनच्या स्वतःच्या निरोपाच्या वाटेनं पाठवायला हवी, जशी मेसेजची घंटा झोपेतही वाजते तशी. लाईन फक्त आकडे बघायला. आणि फोन खिशातून काढला की ती लगेच आपणहून जोडली गेली पाहिजे."

"नाही जोडली गेली तर?"

"एक सेकंद थांबून परत. मग दोन सेकंद. मग चार."

"असं का? सारखं का नाही?"

"सगळे फोन एकदम सारखं ठोठावायला लागले तर पलीकडचं यंत्र कोलमडतं."

"बरोबर," मेस्त्री म्हणाला. "दार बडवून कोणी उघडत नाही. आतला चिडतो."

मंगळवारी दुपारपर्यंत हे बसलं. घंटा वाजायला लागली, लाईन आपणहून जोडायला लागली. जावई हात झटकून उठणार, तर मेस्त्री चार नंबरमधून बाहेर आला आणि फोन पुढे केला. "बघ. चालू म्हणतंय आणि आकडा मेलाय."

खरंच होतं. चार नंबर ओळीत मधे अडकलेली, भिंती वीतभर, पत्र्यानं मढवलेली. डबीची तार भिंतीबाहेर काढलेली होती, पण आत फोनला इंटरनेट पोचत नव्हतं. लाईन गेली होती पण अ‍ॅपला पत्ता नाही, ते आपलं चालू म्हणून खुशाल.

जावई कपाळ धरून बसला. "लाईन तोडताना पलीकडच्यानं सांगितलं तर लायब्ररीला कळतं. पण मधेच वायर कापल्यासारखं झालं तर सांगणार कोण? सांगायचा निरोपही त्याच लाईननं यायचा."

लांब टेबलावर ताई डब्यांना झाकणं लावत होत्या, टक टक टक.

"त्याला हं म्हणायला लाव," मेस्त्री म्हणाला.

"काय?"

"हं. तुझी सासू मला दोन वेळा रोज सांगते. सांगायला काही नसलं तरी हं म्हणायचं. पलीकडून हं आलं नाही की समजायचं, कोणी नाही. मी म्हणत नाही ते सोड."

जावयानं लॅपटॉप ओढला, पानं वर-खाली केली, आणि हसायलाच लागला. "आहे यात. हेच आहे. थोड्या थोड्या वेळानं एक टोक हाक मारतं, दुसरं ओ देतं. दोनदा ओ आली नाही की लाईन मेली समजायची आणि नवी जोडायची. अठराव्या पानावर आहे. मी इतक्या पुढे गेलोच नव्हतो."

"किती वेळानं हाक?"

"वीस सेकंद?"

"माणसाला जास्त होईल. यंत्राला चालेल." मेस्त्री टेबलाला टेकला. "आणि ते बंद-चालू काढ आधी. चालू माणसावर तरी कोण विसंबतं?"

"मग काय लिहू?"

इथे मेस्त्रीला वेळ लागला. शब्द निवडायचं काम त्याला कोणी कधी दिलं नव्हतं. "तू फोनवर माणसाला काय म्हणतोस? तेच लिही. ऐकू येतंय. ऐकू येत नाही."

जावयानं लिहिलं. सासरा आपल्याला कालपासून मधूनमधून तू म्हणतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो त्याबद्दल बोलला नाही. बोललं तर थांबेल, असं त्याला वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी मालकीणबाईंनी ताईंच्या एप्रनमध्ये फोन टाकला, पडदा विझवला, त्यांना सहा नंबरमध्ये खुडायला पाठवलं आणि स्वतः जाऊन चार नंबरचं यंत्र बंद केलं. मग पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या. जावई उभा, मेस्त्री भिंतीला टेकलेला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मेस्त्रीला खूप वाटत होतं की आत जाऊन पारा बघावा. त्यानं हात खिशात घालून ठेवले.

सहा नंबरचं दार उघडलं आणि ताई हात पुसत बाहेर आल्या. "वाजलं. चार नंबर, एकोणीसच्या वर. ऐकू येतंय म्हणतंय." आणि मागे वळून दार लावलं. "बंद," त्या मेस्त्रीला म्हणाल्या.

मालकीणबाई उठल्या, यंत्र चालू केलं, खिळ्यावरचा पारा काढून रुमालात गुंडाळला. जावयाचा श्वास सुटला. पण त्या म्हणाल्या, "काच जाणार. तिच्या जागी पत्र्याचा काटेवाला येणार, घड्याळासारखा. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. भावाला मेस्त्री परत कामावर आल्यावर कळवीन. दहा दिवस बघते आधी."

"चालेल," जावई म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. मेस्त्रींना विचारलं."

मेस्त्रीनं मान हलवली.

ऑपरेशन सुखरूप झालं. शनिवारी मेस्त्री घरी पलंगावर, डाव्या डोळ्यावर भोकं पाडलेली वाटी चिकटवलेली, उशी पाठीला. फोन बघायची मनाई. पण बायकोच्या फोनवर जावयानं तेच अ‍ॅप टाकून दिलं होतं, आणि ती तासातासाला वाचून दाखवत होती, कारण न वाचावं तर हा माणूस वाटी काढून बघेल अशी तिला भीती.

"एक नंबर, सतरा. ऐकू येतंय. दोन, साडेसतरा. ऐकू येतंय. चार..." ती थांबली.

"चार काय?"

"ऐकू येत नाही म्हणतंय. आकडा फिका पडलाय." मेस्त्री उठायला लागला तसा तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. "थांबा. आलं. अठरा. ऐकू येतंय. गेलं होतं, आलं."

तेवढ्यात फोन वाजला. जावई. तो रोज सकाळ-संध्याकाळ शेडवर चक्कर मारत होता. बायकोनं फोन मेस्त्रीच्या कानाला लावला आणि तिकडून सुरुवात झाली. ताईंनी कालच्यापेक्षा जास्त डबे भरले, चार नंबरच्या पॅसेजमध्ये इंटरनेटची आणखी एक पेटी लावतोय, आत्ता लाईन गेली ती तिचीच वायर जोडताना, काळजी करू नका, छकू रात्रीचं जेवण घेऊन येतेय. मेस्त्री भिंतीकडे बघत होता.

तिकडचं बोलणं थांबलं. खोकला आला. मग खोकल्यानंतर जे कधीच यायचं नाही ते आलं.

"बाबा? आहात ना?"

"हं," मेस्त्री म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. उघड्या उजव्या डोळ्यानं त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"चार नंबरचं दार?" त्यानं विचारलं.

"बंद."

"स्वतः बघितलंस का नुसतं फोनवर वाचलंस रे?"

"बघितलं बाबा. हात लावून."

"हं."